टीव्हीतलं भात

त्या खेळातला माझा माणूस रोज सकाळी सहाला उठायचा आणि तोंड न धुता, चहा न पिता थेट शेतात उतरायचा. पायात गुडघ्यापर्यंत बूट. बाबांनी टीव्हीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते या बुटांमुळे.

"आरं, बूट घालून शेतात कोन उतरतो?" ते म्हणाले. "काढाया सांग त्याला."

"बाबा, बूट काढायचं बटण नाहीये यात."

"मग कसला खेल हाय यो?"

इथून माझ्या खेळाची वाट लागायला सुरुवात झाली.

जानेवारीत बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा दिवाण हॉलमध्ये आला. टीव्हीही हॉलमध्येच. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो, आठवड्यातले तीन दिवस घरून. दुसऱ्याने बनवलेल्या गोष्टीत खोट काढायची आणि ती लिहून द्यायची, हे माझं काम. स्वभावही तसाच. आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे आणि ती बसल्याजागीही फिरते. खरं आहे. मीटिंगमध्ये माझा पाय टेबलाखाली हलत असतो, जेवताना मी दोनदा उठतो, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी दोननंतर काय करावं हे मला आजवर कळलेलं नाही. म्हणून तो खेळ घेतला. ऑफिसातल्या एकाने सांगितलेलं की डोकं शांत होतं. एक छोटं गाव, एक पडीक शेत, आणि शहरातली नोकरी सोडून तिथे आलेले तुम्ही. नांगरा, पेरा, पाणी घाला, गावकऱ्यांशी गप्पा मारा, हळूहळू त्यांच्यातलेच एक व्हा.

आता हे हसण्यासारखं का होतं ते सांगतो. आम्ही मूळचे कल्याण तालुक्यातल्या कोपरचे, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे. ज्या शेतात बाबा लहानपणी भात लावायचे त्याच शेतावर आता आमची बिल्डिंग उभी आहे आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. पार्किंगमध्ये उभे राहून बाबा पाहुण्यांना सांगतात, "इथून बांध जायचा. ती पांढरी गाडी हाय ना, तिथं इहीर होती." पाहुणे मान डोलावतात आणि लिफ्टकडे बघतात. कोपरची शेतं गेली तेव्हा भावकीतल्या बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले. बाबांनी खडवलीला दीड एकर भातशेत घेतलं. सगळे हसले. बाबांनी ते शेत वीस-बावीस वर्षं लावलं, एकही साल पडीक ठेवलं नाही. मी तिथे जायचो तो कापणी झाल्यावर, नदीत पाय सोडून बसायला. म्हणजे शेतकऱ्याचा मुलगा शेती शिकायला बसला टीव्हीसमोर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

पहिले दोन आठवडे डोकं खरंच शांत होतं. मुळे लावले, मुळे उपटले, टिंग असा आवाज आला, बरं वाटलं. मग माझ्यातला तपासनीस जागा झाला. गावात एक म्हातारा होता. त्याला रोज एक मुळा दिला की त्याच्या डोक्यावर लाल बदाम उमटायचा. दहा बदाम झाले की तो तुमचा जिवलग. तो रोज एकच वाक्य बोलायचा, आज हवा छान आहे. मुसळधार पावसात छत्रीशिवाय उभा राहूनही हेच. दुकानदारीण, मास्तर, लोहार, सगळ्यांची तीन-तीन वाक्यं ठरलेली. पस्तिशीच्या बिनलग्नाच्या माणसाला "कधी वाजवणार?" असं विचारणारा एकही जण त्या गावात नव्हता. असलं गाव पृथ्वीवर नाही, निदान कल्याण तालुक्यात तरी नाही.

मी ऑफिसच्या सवयीने एका वहीत खेळातली एकेक खोट लिहायला लागलो. कुणी न सांगता घरात येत नाही. कुणी आजारी पडत नाही. शेजाऱ्याची म्हैस आपल्या शेतात शिरत नाही. दिवस पंधरा मिनिटांत संपतो आणि माणूस असेल तिथे कोलमडतो. आणि सगळ्यात मोठी खोट ही की दिवस बिघडला तर खेळ बंद करून परत लावायचा, तीच सकाळ पुन्हा उगवते. मासेमारीच्या जत्रेचा एक दिवस मी अकरा वेळा उगवायला लावला. अकराव्यांदा पहिला आलो, आणि मला काहीही वाटलं नाही. उठून गॅलरीत गेलो, परत आलो, पुन्हा लावला.

बाबा दिवाणावरून बघत असत. त्यांना चालायला काठी लागत होती, पण बोलायला काही लागत नव्हतं.

"त्या म्हाताऱ्याला मुला नको देऊ, दात नसतील त्याला."

"याची बायको कुठं हाय?"

"नाहीये. एकीला भेटवस्तू देऊन देऊन पटवावी लागते."

"मग देतास का नाय? का यात पन तसाच ऱ्हानार?"

स्वयंपाकघरातून आई हसली. मी आवाज वाढवला.

होळीच्या सुमारास मी खेळात भात लावलं. लावलं म्हणजे काय, पाण्याच्या चौकोनात दाणा टाकायचा आणि आठ दिवस थांबायचं, म्हणजे आपल्या घड्याळात दोन तास. बाबा उशीला टेकून बघत होते. त्यांनी विचारलं, चिखलणी कुठे आहे? लावणी कुठे? राब कुठे? मी म्हटलं यात ते काही नसतं. खडवलीकडे भाताची रोपं आधी एका छोट्या वाफ्यात वाढवतात. त्या वाफ्यावर उन्हाळ्यात शेण, काटक्या, पाला, पेंढा असे थर रचतात, वरून माती पसरतात आणि पेटवतात. तो राब. आग हळूहळू धुमसली पाहिजे, म्हणजे माती भाजते आणि मातीतलं गवताचं बी मरतं. मग पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरतात. एवढं मला ऐकून माहीत होतं.

माझं भात पिकलं. टिंग. चौकोनाचौकोनातून सोनेरी लोंब्या उड्या मारत माझ्या पिशवीत शिरल्या. मी म्हटलं, "बघा बाबा, झालं भात."

बाबांनी टीव्हीवरून नजर काढली. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला सांगितलं, "त्या प्लॉटवाल्याला फोन कर. येऊ दे रविवारी."

प्लॉटवाला म्हणजे खडवलीच्या शेतांचे तुकडे पाडून बंगले बांधू पाहणारा एक माणूस. आमच्या दोन्ही बाजूंची शेतं त्याने घेतलेली होती. तो दोन वर्षं फोन करत होता आणि बाबा दोन वर्षं त्याला चहा पाजून परत पाठवत होते.

आई हात पुसत बाहेर आली. "असं अचानक?"

"राब भाजाया कोन हाय या वर्सी? मना डॉक्टर बांधावर चढू देनार नाय." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "पडीक बघन्यापरीस दिलेला बरा."

मला त्या शेताबद्दल काही वाटत असेल असं मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. टीव्हीवर माझा माणूस बूट घालून उभा होता आणि बटण दाबायची वाट बघत होता. मी म्हणालो, "मी भाजतो."

बाबा हसले. मग हसायचे थांबले. "भाज. नीट भाजलास त लावू या वर्सी पन. नाय त मी त्याला हो बोलतो."

ऑपरेशनच्या आधीच बाबांनी पाला, काटक्या आणि शेणी गोळा करून आंब्याखाली झाकून ठेवलेल्या. बरोबर एका राबापुरतं सामान. एप्रिलच्या एका शनिवारी मी जाऊन थर रचून आलो. बाबा फोनवर होते, बांधापलीकडच्या घरातली एक म्हातारी बाई समोर होती, आणि दोघंही मला एकाच वेळी शिव्या घालत होते. पण थर नीट झाले. पुढच्या शनिवारी जाऊन फक्त पेटवायचं होतं. बाबांनी तीन वेळा सांगितलं, "सकाली सातच्या आत. पश्चिमेच्या टोकाला लाव. आग हलू सरकली पायजे." मी फोनमध्ये लिहून घेतलं.

त्या शनिवारी मी साडेपाचला उठलो, अंघोळ केली, पाण्याची बाटली भरली. गाडीला वेळ होता. म्हटलं दहा मिनिटं खेळू. खेळात त्या दिवशी फुलांची जत्रा होती. वर्षातून एकदा येते, आणि जिच्याशी मी मुळे देऊन देऊन ओळख वाढवली होती तिच्यासोबत नाचायला मिळतं. तिने नकार दिला. मी बंद करून परत लावलं. पुन्हा नकार. मला संताप आला. सत्तावीस मुळे खाल्लेत तिने माझे! पुन्हा लावलं. माझा माणूस अठरा वेळा सकाळी सहाला उठला आणि मी घरातून निघालो साडेदहाला. तिने शेवटपर्यंत हो म्हटलं नाही.

शेतात पोचलो तेव्हा बारा वाजायला आलेले. ऊन डोक्यावर. फोन काढून वाचलं, पश्चिमेचं टोक. पश्चिमेच्या टोकाला गेलो, काडी लावली.

पहाटे तिकडे वारा पूर्वेकडून येतो, म्हणून पश्चिमेला पेटवायचं. म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, इंचाइंचाने मागे सरकते. दुपारी वारा फिरतो, पश्चिमेच्या खाडीकडून येतो. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणण्यापेक्षा मी तोंड वर करून बघितलं नाही. खेळात काम लिहून आलेलं असतं, लिहिलं तसं केलं की झालं, सकाळी करा नाहीतर दुपारी. इथे पश्चिमेला काडी लावली आणि मागून वाऱ्याने आग उचलली. सूं करत ती अख्ख्या वाफ्यावरून पळाली. दहा मिनिटं, फार तर बारा. पूर्वेच्या बांधावरचं गवत पेटलं तेव्हा ती म्हातारी ओला फाटा घेऊन धावत आली आणि आम्ही दोघांनी ते झोडपून विझवलं.

"वारा बघलास का नाय रं?" ती धापा टाकत म्हणाली. "आग पलाली ना सगली!"

मी राखेत काठी खुपसली. खालच्या काटक्या अर्ध्याकच्च्या होत्या. मातीला हात लावला, ती नुसती कोमट होती. आंब्याखाली आता पाल्याचं एक पानही उरलेलं नव्हतं. माझा अंगठा हवेतच हलत होता, खेळ बंद करताना हलतो तसा. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथेच खाली बसलो.

मग मी जे केलं ते त्याहून वाईट. वरून बघितलं तर राख झकास दिसत होती, काळी, सलग. मी म्हातारीच्या हातात फोन दिला आणि राबाशेजारी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. तिने फोटो काढला. मी तो घरी जाऊन बाबांना दाखवला.

बाबांनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, पायापाशी नेला, परत वर आणला. मला वाटलं कौतुकाने बघतायत.

"किती वेल धुमसत होता?"

"दुपारपर्यंत," मी म्हणालो.

"बरा," बाबा म्हणाले. फोन परत दिला, आणि आईला सांगितलं, प्लॉटवाल्याला नाही म्हणून कळव.

जूनमध्ये पेरलेलं भात उगवलं आणि भातापेक्षा दाट गवत उगवलं. खेळातलं गवत वेगळ्या रंगाचं असतं, चुकणं शक्य नाही. खडवलीतलं गवत हुबेहूब भातासारखं. पहिल्या दिवशी मी तासभर राबून एक पट्टा साफ केला आणि म्हातारीने कपाळाला हात लावला. भात उपटलेलं, गवत ठेवलेलं. तिने माझं बोट धरून पानाच्या सांध्याशी नेलं. भाताला तिथे बारीक लव असते, गवताला नसते. म्हणजे प्रत्येक काडी हाताने चाचपून उपटायची. अख्खा राब.

मी दर शनिवार-रविवार जायला लागलो. घरी सांगायचो, रोपं बघून येतो. उकिडवं बसून बसून मांड्या भरून यायच्या, बोटं चिरायची, मानेवर पाऊस. माझ्यासारख्या पाच मिनिटं एका जागी न बसणाऱ्या माणसाला ती शिक्षाच होती, आणि शिक्षाच आहे म्हणून मी ती भोगत होतो. सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्येही अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत लव शोधायचे. रात्री डोळे मिटले की गवत दिसायचं. मला बाबांना खरं सांगायचं होतं आणि सांगायची हिंमत नव्हती, कारण सांगितलं की प्लॉटवाला येणार.

घरी मात्र वेगळंच चाललेलं. मी नसताना बाबांनी खेळ ताब्यात घेतला. शेताकडे ते ढुंकून बघत नसत. दिवसभर माझ्या माणसाला पुलावर उभं करून मासे धरायचे. "शेती यातली खोटी हाय," ते म्हणाले, "मासली बरी हाय." माझ्या मुळ्यांच्या वाफ्यात झुडपं माजली. माझ्या चिरलेल्या बोटांना आई खोबरेल लावायची तेव्हा बाबा टीव्हीकडेच बघत असत.

एका रविवारी संध्याकाळी मी आलो, बाबांच्या हातातून रिमोट घेतला आणि माझ्या शेतात गेलो. माझ्या माणसाने विळा एकदा गोल फिरवला. सगळी झुडपं गेली. टिंग. मी रिमोट दिवाणावर आदळला.

"काय झाला?" बाबांनी विचारलं.

"खोटारडा खेळ आहे हा!" मी ओरडलो. "असं होत नाही! असं कुठेही होत नाही!"

खोटारडा हा शब्द माझ्याच तोंडून निघाला होता आणि तो मलाच चिकटला. मी मोरीत जाऊन खूप वेळ हात धूत बसलो. त्यानंतर मी तो खेळ लावला नाही.

जुलैमध्ये लावणीचा दिवस ठरला. चुलतभावाच्या गाडीतून बाबांना आणलं, बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकली, काठी शेजारी रोवली. मी त्या दिवसासाठी मागवलेले गमबूट घालून तयार होतो. म्हातारी तिच्या दोन सुनांना घेऊन आलेली. राबातून रोपं उपटून त्यांच्या मुठी, म्हणजे जुड्या, बांधून झालेल्या. रोपं थोडी कमीच होती, पण स्वच्छ होती. एक मूठ मी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती सोडली, एकेका रोपाच्या सांध्याला बोट लावून बघितलं.

"राब दुपारचा भाजलास ना?" बाबा म्हणाले.

मी वाकून गमबूट नीट करायला लागलो.

"फोटोत तुझी सावली तुझ्या पायात होती. सातला लावलेला राब त्या वेली अजून धुमसत असतो, तुझा त सगला इझलेला."

म्हणजे एप्रिलपासून त्यांना माहीत होतं. माझं डोकं भणाणलं. अडीच महिने मी हे ओझं वाहत होतो, त्यातला महिनाभर चिखलात बसून, आणि हा माणूस तिकडे दिवाणावर मासे पकडत होता! "मग तेव्हाच का नाही बोललात?" माझा आवाज चढला. सुना वळून बघायला लागल्या.

"बोललो असतो त तू सॉरी बोलून मोकला झाला असतास," बाबा म्हणाले. "गवत कोनी उपटला असता?"

बाबांनी ती सोडलेली मूठ पुन्हा बांधली, अगदी सावकाश, पेंढ्याची गाठ मारून. मग काठीने माझ्या पायाकडे दाखवलं.

"ते बूट काढ."

मी बूट काढून त्यांच्या खुर्चीपाशी ठेवले आणि खाली उतरलो. बाबांनी मूठ माझ्याकडे फेकली. मला ती झेलता आली नाही, ती चिखलात पडली.

"उचल," ते म्हणाले. "आन् पुढच्या वर्सी सातच्या आत."